बूट घ्यायला संध्याकाळी जा

महोदय,

डिसेंबरात आम्ही नागपूरचे सहा जण पाठीवर बारा-बारा किलोच्या सॅक घेऊन कळसूबाईला गेलो. १६४६ मीटरचं शिखर चढताना काही जाणवलं नाही. उतरताना मात्र पावलागणिक अंगठा बुटाच्या टोकावर आदळू लागला. खाली बारी गावात मोजे काढले, तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी! पुढे ती गळूनच पडली.

चूक मापात होती. बर्डीच्या एका दुकानात मी सकाळी, पातळ मोज्यांवर, बसल्या बसल्या बूट घालून पाहिले होते. "आठ नंबरच लागतो ना?" एवढंच विचारलं गेलं, मीही मान डोलावली. दिवसभर चालून पाय सुजतो, ओझ्यानं पसरतो, हे कुणी सांगितलं नाही.

दुसरा जोड घ्यायला संध्याकाळी गेलो, जाड मोजे घेऊन. नाडी न बांधता पाय पुढे सरकवला, की टाचेमागे एक बोट मावायला हवं. नाडी आवळल्यावर टाच उचलायला नको. मग आठवडाभर घरात आणि नंतर भरलेली सॅक घेऊन सेमिनरी हिल्सवर चाललो. आता रामटेकचा गड उतरतानाही बोटं मोकळी राहतात.

दुकानदारांना कळकळीची विनंती आहे. आपलं शहर बहुतेक सपाट, तेव्हा दुकानात एक उतरती फळी ठेवा आणि पहिल्या ट्रेकला निघालेल्या पोरांना तिच्यावरून दोनदा उतरू द्या.

– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर