कळसूबाईपेक्षा उंच, तेही स्कीवर

म्युनिक,
१६ फेब्रुवारी

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

काल दिवसभर फोन लागला नाही म्हणून आई चिडली असणार. मी डोंगरात होतो. बाबा, रोटवांड नावाचं शिखर चढून आलो. उंची १८८४ मीटर, म्हणजे तुमच्या कळसूबाईपेक्षा २३८ मीटर जास्त! आता तुम्ही विचारणारच, सुरुवात कुठून केलीस? कबूल करतो. रेल्वे आणि बसने श्पिट्झिंगझे तळ्यापर्यंत गेलो, ते तळंच १०८५ मीटरवर आहे. चढ उरतो ८०० मीटरचा.

पण तो चढलो स्की पायात घालून. इथे पाळण्यात बसून वर जातात आणि घसरत खाली येतात, तसलं हे नाही. स्कीच्या तळाला लांब पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असायची, आता अंगोरा बकरीची लोकर आणि नायलॉन. तिची लव मागे झुकलेली असते. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवला की केस कसे अडतात, तसंच. स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. टाच मोकळी राहते. पाय उचलायचा नाही, नुसता सरकवायचा, हे समजायला मला अर्धा तास लागला. तोवर मी बैल चिखलातून चालावा तसा पाय आपटत होतो.

आई, हिमकडे कोसळल्याच्या बातम्या तू बघतेस, म्हणून सांगतो. इथे रोज धोक्याचा अंक जाहीर होतो, एक ते पाच. काल एक, म्हणजे सगळ्यात कमी होता. आमची वाट जंगलातल्या रुंद रस्त्याने जाते. तीस अंशांहून तीव्र उतार धोक्याचे, ते आम्ही टाळले. तरीही प्रत्येकाच्या छातीवर सिग्नल देणारं यंत्र, पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची लांब काठी होती. निघताना एकमेकांची यंत्रं तपासली. सोबतचा ऑफिसातला मित्र लहानपणापासून हेच करतोय.

१७३७ मीटरवर रोटवांडहाउस आहे, तिथे गरम सूप मिळालं. शेवटचा टप्पा स्की काढून चालत गेलो. वर दक्षिणेला ऑस्ट्रियाची शिखरं ओळीने उभी होती. फोटो वेगळे पाठवतो.

उतरताना पट्ट्या सोलून काढायच्या, टाच पक्की करायची. सोपी वाट म्हणे! नऊ वेळा पडलो. एक चिमुरडी बापामागून सुळकन निघून गेली, वर माझ्याकडे बघून हसली.

आई, शिखरावर तुझा तिळगूळ काढला. थंडीने दगड झाला होता. मित्राने चावायचा प्रयत्न केला आणि गपचूप खिशात टाकला. पुढच्या वेळी चिक्कीचा गूळ नको, साध्या गुळाचे मऊ लाडू पाठव.

तुमचा,
बाळू