दोन पायांवर टेकवलेली बंदूक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकांनी स्वप्नील कुसाळे यांच्या पॅरिसच्या पदकाबद्दल फार आपुलकीनं लिहिलं होतं. मी मूळचा कोल्हापूरचा. 1 ऑगस्ट 2024 ला कांबळवाडीच्या या तरुणानं ऑलिंपिकच्या नेमबाजीत 451.4 गुणांवर कांस्यपदक घेतलं, तेव्हा इथे इंग्लंडात बसून माझेही डोळे भरून आले होते. पण त्याच पत्राच्या शेवटी एक वाक्य होतं, की परदेशात लोक बंदूक दोन पायांच्या स्टँडवर टेकवून हजार यार्डांवर मारतात, त्यात कसलं आलंय कसब? हे वाक्य मला लागलं. माझी दहा-अकरा वर्षं त्या दोन पायांवर गेली आहेत, म्हणून लिहितो आहे.

मी पेशानं टूलमेकर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर शिकलो आणि आता वोकिंगजवळ एका मशीन शॉपमध्ये काम करतो. तिथून बिझ्लीची नेमबाजीची रेंज जवळ. 1890 पासून इंग्लंडातल्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्पर्धा तिथे होतात. पन्नाशीत डोळ्यांनी साथ सोडली, नेम धरायची मागची साइट आणि पुढची साइट एकदम स्पष्ट दिसेना, तेव्हा मी एफ-क्लास या नेमबाजीच्या प्रकाराकडे वळलो. त्यातला ‘एफ’ कॅनडाच्या जॉर्ज फार्कहारसन यांच्या आडनावाचा. वयामुळे ज्यांना पट्टा दंडाला आवळून पडून नेम धरणं झेपत नाही, त्यांना दुर्बीण आणि टेकू देऊन खेळात ठेवायचं, ही त्यामागची कल्पना. यातल्या एफ-टीआर या गटात काडतुसं दोनच चालतात, पॉइंट 223 रेमिंग्टन किंवा पॉइंट 308 विंचेस्टर. बंदूक, दुर्बीण आणि बायपॉड, म्हणजे तो दोन पायांचा स्टँड, मिळून वजन 8.25 किलोच्या वर जाता कामा नये. बायपॉड त्या वजनात धरला जातो, आणि खरी डोकेदुखी तिथेच सुरू होते.

हजार यार्ड म्हणजे 914 मीटर. तिथल्या लक्ष्याचं सगळ्यात आतलं वर्तुळ सुमारे 5 इंचांचं, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान. माझ्या बंदुकीत पुढचे पाय आणि मागची वाळूची पिशवी यांत साधारण 750 मिलिमीटर अंतर होतं. पुढचं टोक 0.1 मिलिमीटर हललं, तर त्रैराशिकानं हजार यार्डांवर 122 मिलिमीटर, जवळजवळ 5 इंच, फरक पडतो. 0.1 मिलिमीटर म्हणजे आपलं वर्तमानपत्र ज्या कागदावर छापलं जातं, त्याच्या जाडीपेक्षा थोडंसंच जास्त. तेवढ्यात अख्खं वर्तुळ निसटतं. वरून वारा आहेच. ताशी 10 मैलांचा आडवा वारा पॉइंट 308 ची गोळी तिथवर दोन मीटरच्या आसपास ढकलतो, आणि तो वारा प्रत्येक गोळीला वाचावा लागतो. वारा वाचायचं काम कोणताही स्टँड करत नाही.

मी सुरुवात शिकारीच्या बायपॉडवर केली. अरुंद, स्प्रिंगचे घडीचे पाय. बंदुकीच्या नळीतल्या आट्या बहुतेक उजव्या पिळाच्या असतात, त्यामुळे जड गोळी उजवीकडे फिरत निघते आणि बंदूक उलट, डावीकडे कलते. अरुंद पायांवर ती प्रत्येक वेळी उडी मारायची आणि डावीकडे जाऊन पडायची. पुढच्या गोळीला सगळी मांडणी नव्यानं. म्हणून या गटातले लोक रुंद, बर्फावरच्या स्कीसारख्या लांब पावलांचे बायपॉड वापरतात. इंडोनेशियाचे सेब लॅम्बांग यांचा जॉय-पॉड मी पहिल्यांदा शेजारच्या नेमबाजाकडे पाहिला. मागे आलेल्या एका दांड्यानं, पडल्या पडल्या, बंदूक वर-खाली आणि आजूबाजूला हलवता येते. रुंद पावलांवर बंदूक झटक्यासरशी सरळ मागे घसरते. हात लावून परत पुढे ढकलली की दुर्बिणीतली फुली पुन्हा जवळपास त्याच जागी येते. ते पाहिलं आणि मला कारखान्यातलं लेथचं कॅरेज, रुळांवर सरळ सरकणारा त्याचा भाग, आठवलं. हे आपणही करू शकतो, असं त्या क्षणी वाटलं.

माझा पहिला बायपॉड 6 मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम प्लेटचा. भरला 640 ग्रॅम. छान ताठ होता. पण त्याच वर्षी एका सामन्याच्या वजनकाट्यावर माझी बंदूक 40 ग्रॅम जास्त निघाली. मागे रांग लागलेली. घाईत मी दुर्बिणीवरची पाणसळ काढून ठेवली आणि वजनात बसलो. पॉइंट 308 ला हजार यार्ड गाठायला नळी बरीच वर उचलावी लागते, त्यामुळे बंदूक 1 अंश जरी कलली तरी गोळी 6-7 इंच बाजूला जाते. त्या दिवशी मी डावी-उजवी करत राहिलो आणि वाऱ्याला बोल लावत राहिलो. घरी येऊन पाणसळ परत बसवली तेव्हा चूक उमगली. 40 ग्रॅम भलत्याच जागेहून काढले होते.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. 12 मिलिमीटर बाहेरच्या मापाच्या पातळ कार्बनच्या नळ्या, कातून कातून पोकळ केलेला मधला गाडा, एकूण 290 ग्रॅम. हातात घेतला की जीव हरखायचा. रेंजवर मात्र दुर्बिणीत माझी नाडी दिसू लागली, फुली ठोक्यागणिक हलत होती, आणि गोळ्या उभ्या रेषेत पसरल्या. उद्यमनगरातले माझे वस्ताद एकच वाक्य बोलायचे, ‘डायल लाव, मग बोल.’ बायपॉड सपाट सर्फेस प्लेटवर आवळला, बाजूनं 5 किलोचा ताण दिला आणि डायल, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक, लावला. काटा 0.4 मिलिमीटर फिरला. ताण काढल्यावर तो शून्यावर परत आलाच नाही, 0.06 वर थांबला. नळ्या लवचीक होत्या हे खरं, पण न परतणारा काटा सांगत होता की मधल्या पिनमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. लवचीकपणा एकवेळ दर गोळीला सारखा वागतो. प्ले कधीच सारखा वागत नाही.

तिसरा बायपॉड बनवायला दीड वर्ष लागलं. 10 मिलिमीटरचा भरीव दांडा आणि 16 मिलिमीटर बाहेर, 14 मिलिमीटर आत अशी पोकळ नळी शेजारी ठेवा. धातू तोच धरला तर पोकळ नळीचं वजन साठ टक्के आणि वाकायला विरोध 2.7 पट. म्हणून पाय जाड पण पोकळ घेतले. पिन काढून टाकली, तिथे चिरा दिलेली क्लॅम्प केली. आवळली की दोन तुकडे एक होतात. कार्बन अॅल्युमिनियममध्ये सरळ चिकटवला तर इथल्या ओल्या हवेत सांध्यापाशी अॅल्युमिनियम गंजून झिजतं, म्हणून मध्ये काचतंतूचा एक पातळ थर दिला. पावलं एकमेकांना समांतर करण्यात तीन रविवार गेले. ती थोडी जरी तिरकी असली की बंदूक मागे घसरताना एका बाजूला ओढली जाते. शेवटी बायपॉड बंदुकीला जोडायची रेल आणखी पुढे नेली. पाय आणि पिशवीतलं अंतर 750 चं 900 झालं, तोच 0.1 मिलिमीटर आता हजार यार्डांवर 4 इंचांचा झाला. त्यासाठी एक ग्रॅमही वाढवावा लागला नाही.

बायपॉडचं वजन वाचवून ते बंदुकीच्या नळीत घालायचं, असं सगळेच सांगतात. मी हिशेब मांडला. 760 मिलिमीटर लांब, 25 मिलिमीटर जाडीच्या नळीत 100 ग्रॅम पोलाद वाढवलं तर जाडी जेमतेम 0.4 मिलिमीटर वाढते, ताठपणा सात टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यासाठी बायपॉडचा ताठपणा घालवणं मला पटत नाही. बायपॉड निवडताना लोक आधी ग्रॅम विचारतात. माझं सांगणं, आधी तो जमिनीवर आवळून धरा, बाजूनं हलवा, आणि सोडल्यावर जागेवर परत येतो का ते पाहा. वजन त्यानंतर विचारा.

कुसाळे ज्या प्रकारात खेळले त्यात गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून, तिन्ही वेळा बंदूक शरीरानंच तोलायची असते. ते मला या जन्मी जमणार नाही आणि त्याची बरोबरी मी सांगतही नाही. पण आमच्या प्रकारात घाम नाही असं कोणी कोल्हापुरात छापून आणावं, याचं वाईट वाटतं. आमचा घाम लेथवर गळतो.

तिसऱ्या बायपॉडचं ड्रॉइंग या पत्रासोबत मापांसकट जोडलं आहे. छापायला जागा नसेल तर ते कृपया त्या वाचकांकडे पोचतं करावं. उद्यमनगरात कुणीही मशीनवाला आठवड्याभरात बनवून देईल. माझा आज सकाळी काट्यावर 418 ग्रॅम भरला, आणि डायलचा काटा शून्यावर परत आला.

आपला,
एक कोल्हापूरकर टूलमेकर
वोकिंग, इंग्लंड