भाडोत्री फौजेला कप्तान हवाच

महोदय,

‘मेडिव्हल टू: टोटल वॉर’ या संगणकीय युद्धखेळासाठी मी मॉड, म्हणजे खेळाचे नियम बदलणारी जोड, बनवतो आहे. मूळ खेळात सेनापतीने पैसे मोजले की भाडोत्री तुकड्या जागेवर हजर! चौदाव्या शतकातल्या इटलीत शहरं करार करायची ती कप्तानाशी. माणसं-घोडे जमवणं त्याचं काम. करारात मुदत, पगार आणि ‘लान्सा’ किती, हे लिहिलेलं असे. एक लान्सा म्हणजे चिलखती स्वार, त्याचा मदतनीस आणि एक पोऱ्या. जॉन हॉकवुड हा इंग्रज कप्तान १३६४ मध्ये पिसाकडून फ्लॉरेन्सविरुद्ध लढला, पुढे फ्लॉरेन्सचाच सेनापती झाला. म्हणून माझ्या मॉडमध्ये मुदत संपली की कप्तान फौजेसकट शत्रूकडे जाऊ शकतो. काही खेळाडूंना हे जाचक वाटतं. तरी मी ते काढणार नाही. पगार थकवणाऱ्या शहराला ही धास्ती होतीच.

– एक वाचक