दहावी आली की तबला बंद?

मा. संपादक, स.न.

दहावी जवळ आली की मुलांचा तबल्याचा क्लास आधी बंद होतो, आमच्या सोसायटीत दरवर्षी हेच. म्हणजे ज्या वर्षी पोरांच्या डोक्याला सगळ्यात जास्त टेन्शन, त्याच वर्षी त्यांचा हक्काचा अर्धा तास आपण काढून घेतो. तीनतालाच्या 16 मात्रा सांभाळायच्या, नवव्या मात्रेला ‘खाली’ (म्हणजे टाळी नसलेली जागा) दाखवायची आणि परत बरोब्बर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर यायचं, यात मार्कांचा विचार करायला जागाच कुठे उरते हो, केलात की सम चुकलीच समजा!

मोठ्यांचंही तेच आहे. मी रिटायर झाल्यावर पेटी शिकायला लागलो, उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, आणि भूप रागाचे पाचच स्वर सा रे ग प ध रोज घोटायचे. भाता जोरात मारला की सूर किंचाळतो, हात ढिला पडला की मरतो, त्यामुळे चिडून बसलो असलो तर आधी पेटीच चुगली करते. आता यानं बीपीची गोळी सुटत नाही, तसं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, पण संध्याकाळची चिडचिड कमी झालीय असं बायको म्हणते.

विरंगुळा केंद्रात कॅरम असतो, पत्ते असतात, मग एक पेटी आणि तबल्याची जोडी ठेवायला काय हरकत आहे? शिकवायला रिटायर्ड संगीत शिक्षक मिळतील, नगरसेवकांनी विचारून तर बघावं.

– एक वाचक, सांगली