पेंचच्या दिव्यांची देखभाल कोण करणार?

महोदय,

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातला पहिला ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे तारे नीट दिसावेत म्हणून रात्रीचा काळोख जपलेले ठिकाण, असा दर्जा मिळाला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून उजेड फक्त जमिनीवर पडेल असे बसवले गेले. हे आपल्या नागपूर जिल्ह्यात घडले याचा मनापासून अभिमान वाटतो. पण मी पेशाने वायरमन. यातला एखादा दिवा उडाला तर त्या जागी कोणता लागणार, याची मला काळजी आहे.

उमेदीची वर्षे मी जुन्नर तालुक्यात, नारायणगावकडे एका विद्युत ठेकेदाराकडे काढली. तिथे खोडदला जीएमआरटी ही आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि उरलेल्या तीन दिशांना शेतशिवारांत लांबवर पसरलेल्या. तिथे उजेडाची अडचण नाही, ठिणगीची आहे. खांबावरचा जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) ढिला झाला किंवा पिन इन्सुलेटरला (तार पेलणाऱ्या चिनी मातीच्या टोपीला) तडा गेला की बारीक स्पार्किंग सुरू होते. घरातला बल्ब लुकलुकतही नाही, त्यामुळे कुणाची तक्रार येत नाही. पण त्या ठिणगीतून रेडिओलहरी निघतात आणि आकाशातून येणारा क्षीण संदेश त्यात बुडतो. उन्हाळ्यात इन्सुलेटरवर धूळ साचली की हे जास्त.

एकदा तिथले एक तंत्रज्ञ हातात अँटेना घेऊन आले, मला खांबाखाली उभे केले आणि यंत्रातली खरखर ऐकवली. परमिट घेऊन लाइन बंद केली, वर चढून क्लॅम्प आवळला. लाइन चालू झाली, खरखर गेली. त्यानंतर आम्हा वायरमन लोकांना कुणी परिपत्रक दाखवायची गरज पडली नाही.

पेंचमध्ये नेमके हेच व्हायला हवे, वायरमनला कारण प्रत्यक्ष दाखवायला हवे. गावातला दिवा गेला की ठेकेदार गोदामात असेल तो लावून मोकळा होतो, हा सगळीकडचा अनुभव. पांढराफेक फ्लडलाइट, तोही तोंड वर करून. पांढऱ्या उजेडातला निळा भाग हवेत जास्त विखुरतो. असे चार दिवे लागले तरी वाघोलीला तारे पाहण्यासाठी असलेल्या वेधशाळेला त्रास होणार. आणि गावकऱ्यांना अंधारात बसा असे कुणी म्हणू नये. दारात बिबट, पायाखाली साप, त्यांना उजेड लागतोच. झाकणाचा दिवा तो उजेड पायवाटेवरच पाडतो, हे त्यांना प्रत्यक्ष दाखवले पाहिजे.

वन विभाग आणि जिल्हा परिषदेला माझी विनंती आहे. चारही ग्रामपंचायतींत पिवळसर, झाकणाच्या दिव्यांचा सुटा साठा ठेवावा. आयटीआय झालेल्या स्थानिक मुलाला मानधन देऊन त्याच्याकडे हे काम सोपवावे. रिसॉर्टवाल्यांनाही हाच नियम लावावा, कारण सर्वांत भगभगीत दिवे बहुधा प्रवेशद्वारांवरच असतात. आणि त्या वायरमनला एका रात्री दुर्बिणीतून शनीची कडी दाखवावी. खांबावर चढणारा तोच आहे.

– एक निवृत्त वायरमन, मानेवाडा, नागपूर