लायब्ररीतल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

'द आय ऑफ द वर्ल्ड' वाचून झालं. काउंटरवर तुमच्याभोवती कायम गर्दी असते, तिथे मनासारखं बोलता येत नाही. शिवाय तुमचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे उघड पत्र.

रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम' या कल्पनारम्य कादंबरीमालिकेचा हा पहिला भाग. मालिका १४ भागांची. हा पहिला १९९० चा, शेवटचा २०१३ चा. जॉर्डन २००७ साली गेले आणि शेवटचे तीन भाग त्यांच्या टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन यांनी पुरे केले. एवढा पसारा ऐकला की वाचणारा पहिल्या भागालाच हात लावायला बिचकतो. तुम्ही यातलं काहीच सांगितलं नाहीत. "आधी त्या गावात राहून ये, गाव आवडलं तर पुढचं बघू," एवढंच म्हणालात.

आणि पुस्तकात ती चिठ्ठी ठेवलीत. पेन्सिलीने, उच्चाराप्रमाणे लिहिलेली पुस्तकातली नावं: एग्वेन, नायनीव्ह, म्वारेन, आइझ सेडाय (जादू जाणणाऱ्या स्त्रियांचा संघ). खाली एक ओळ, 'प्रारंभीचं प्रकरण कळलं नाही तरी थांबू नकोस.' खरंच काही कळलं नाही. उद्ध्वस्त महालात भटकणारा तो वेडा माणूस कोण, काही पत्ता लागेना. चिठ्ठी होती म्हणून पान उलटत राहिले.

मग एमंड्स फील्ड आलं, तुम्ही म्हणालात ते गाव. लांबलेला हिवाळा, सणाची तयारी, ग्रामसभा आणि बायकांचं मंडळ यांच्यातली कुरघोडी. टोल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या शायर या शांत मुलुखाची आठवण यावी अशीच ही सुरुवात मुद्दाम केली, असं जॉर्डन यांनीच सांगितलेलं आहे. बऱ्याच जणांना हा भाग रेंगाळलेला वाटतो. मला तो पुस्तकाचा प्राण वाटतो. सोसाट्याचा वारा सुटलेला असताना रँडला, म्हणजे गोष्टीच्या तरुण नायकाला, रस्त्यावर एक काळा घोडेस्वार दिसतो आणि त्याचा झगा तसूभरही हलत नाही. बस्स, एवढंच. पण तोवर त्या गावाच्या वाऱ्याची इतकी सवय झालेली असते की अंगावर सर्रकन काटा येतो.

आणि ती रात्र! शेतावरच्या घरावर हल्ला होतो, वडील जखमी होतात. रँड गाडीचे दांडे आणि घोंगड्या घेऊन एक डोली तयार करतो आणि तापाने बरळणाऱ्या वडिलांना अंधाऱ्या रानातून गावापर्यंत ओढत नेतो. वडील तापात जे बोलून जातात ते इथे लिहीत नाही, अजून न वाचलेल्यांचा विचार करून. जादू, राक्षस, भविष्यवाण्या पुढे भरपूर आहेत, पण बापाला ओढत नेणाऱ्या त्या पोरासाठी मी अख्खं पुस्तक वाचलं. तुम्ही घाई केली असतीत, 'पुढे खरी मजा आहे' म्हणाला असतात, तर ही पानं मी भराभर उलटून गेले असते.

शेवटची काही प्रकरणं मात्र मला घाईची वाटली. इतका वेळ घेऊन चाललेली गोष्ट अचानक धावते आणि शेवटी नेमकं काय झालं ते नीट उलगडत नाही. यावर तुमच्याशी बोलायचंच आहे.

चिठ्ठी पुस्तकातच ठेवून परत करते आहे, पुढच्या वाचकाला लागेल. तुमची हरकत नसेल असं धरून तिच्यावर दोन नावं वाढवली आहेत. शनिवारी येते. दुसरा भाग, 'द ग्रेट हंट', माझ्यासाठी बाजूला काढून ठेवाल ना?

तुमची मनापासून आभारी,
एक सभासद