आत येताना

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू सांगितलंस, पुढच्या आठवड्यात होडी एकटीच बाहेर काढणार. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हाच बोलायला लागले असते तर तिसऱ्या वाक्याला तू "हो गं आई, माहितीये" म्हणाली असतीस. पत्राला तसं मध्येच तोडता येत नाही.

होडी चालवायला तुला मी शिकवायची गरज नाही. मला बोलायचंय ते फक्त खाडीच्या मुखाजवळच्या त्या दोन-तीनशे मीटरबद्दल. आतलं पाणी तिथे समुद्राला मिळतं आणि वाळूचा उंचवटा आडवा पडलेला असतो. खोल समुद्रात मुकाट येणारी लाट त्या उंचवट्यावर आली की तिचे पाय अडखळतात. खालचं पाणी रेंगाळतं, वरचं पुढे धावतं, लाट उभी राहते आणि कोसळते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा पटीवर आली की ती फुटायला लागते. म्हणजे दीड मीटरची लाट जेमतेम दोन मीटर पाण्यात फुटणार. उंचवट्यावर भरतीला किती पाणी असतं आणि ओहोटीला किती उरतं, हे ठाऊक असेल तर अर्धं उत्तर घाटावर उभं राहूनच मिळतं. नकाशावर मात्र फार विसंबू नकोस. एका मोठ्या वादळात वाळू जागा बदलते, नकाशा बदलत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर ओहोटीचं. आतलं पाणी जोरात बाहेर निघतं आणि समोरून येणाऱ्या लाटांना भिडतं. लाटांमधलं अंतर कमी होतं, चढ उभा होतो. सकाळी ज्या लाटांवरून तू डुलत गेलीस, त्याच दुपारी भिंतीसारख्या दिसतात. सहा तासांच्या ओहोटीत जवळजवळ निम्मं पाणी तिसऱ्या आणि चौथ्या तासात निघून जातं, म्हणून प्रवाह तेव्हा सर्वांत जोरात असतो. पुढच्या दोन तासांत प्रवाह मंदावतो, पण तोवर खोलीच उरलेली नसते. उधाणाच्या दिवसांत हे सगळं आणखी तिखट. ये-जा करायची ती भरतीच्या शेवटच्या तासात किंवा पाणी थबकतं तेव्हा.

हवामानाचा अंदाज बघताना तू लाटेची उंची बघतेस आणि फोन खिशात टाकतेस. (मीही तेच करायचे.) शेजारी सेकंदांचा आकडा असतो, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ, तोही बघ. आठ सेकंदांची एक मीटर लाट आणि चौदा सेकंदांची एक मीटर लाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौदावाली लांबून आलेली असते, उथळ पाण्यात जास्त उंच होते आणि जास्त जोरात फुटते. शिवाय अंदाजातली उंची म्हणजे मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून तिच्या जवळजवळ दुप्पट लाट येते, आणि ती यायची असेल तेव्हा तू नेमकी उंचवट्यावर असू शकतेस.

बाहेर जाणं त्यामानाने सोपं, कारण संकट तोंडासमोर दिसतं. उंचावर उभी राहून निदान अर्धा तास नुसतं बघ. मोठ्या लाटा घोळक्याने येतात. घोळक्यात किती असतात, मधे किती वेळ शांत जातं, फेस कुठे सतत असतो आणि कुठे पाणी काळपट, गुळगुळीत दिसतं, ते हेर. तो काळपट पट्टा बहुधा खोल असतो. मग फुटणाऱ्या लाटांच्या अलीकडे, इंजिन चालू ठेवून, नाळ (होडीचं पुढचं टोक) समुद्राकडे करून थांब. घोळक्यातली शेवटची लाट गेली की निघ. समोर आलीच एखादी, तर ती जिथे अजून फुटलेली नाही तिथे नाळ ने. चढताना जोर दे, माथ्यावर पोचायच्या आत कमी कर, नाहीतर होडी हवेत उडून पलीकडे आपटेल. एकदा आत शिरलीस की भीती वाटली म्हणून वळायचं नाही. वळताना होडी लाटेला आडवी होते.

आडवी होणं म्हणजे काय, तेही सांगते. इंग्लंड-आयर्लंडमधल्या समुद्रात फास्टनेट नावाची शिडाच्या बोटींची शर्यत होते. १९७९ च्या शर्यतीत वादळाने अनेक बोटी उलटवल्या. त्यानंतर मॉडेलवर चाचण्या झाल्या. बोटीच्या लांबीच्या साधारण ३० टक्के उंचीची फुटती लाट आडव्या बोटीला उलटवू शकते, असं त्यांतून दिसलं. त्या मोठ्या, खाली जड वजन असलेल्या बोटी होत्या. तुझी होडी साडेपाच मीटरची आणि उघडी. हिशोब कर, १.६५ मीटरची लाट येते, आणि तुझ्या होडीला त्याहून लहानही पुरेल.

आता परतीचं. खरं तर मी एवढ्याचसाठी लिहायला बसले होते. समुद्राकडून बघताना लाटांच्या पाठी दिसतात, तोंडं दिसत नाहीत. पाठ गोल, मऊ, निरुपद्रवी असते. फेस पलीकडे उडतो, तो झाकलेला राहतो.

मी तुझ्याहून थोडी मोठी होते. सकाळी भरतीला छान बाहेर पडले आणि दुपारी खारा वारा सुटल्यावर, ओहोटीच्या चौथ्या तासाला परत आले. पाठी बघितल्या, म्हटलं काही नाही. दोन मीटर पाण्यात लाट ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास धावते. तेवढ्याच वेगाने तिच्या पाठीवर बसून यायचं, माथा ओलांडायचा नाही आणि मागच्या लाटेला गाठू द्यायचं नाही, हे मला तोंडपाठ होतं. पण घाई होती. मी माथा ओलांडला. होडी उतारावरून घसरली, नाळ पुढच्या खळग्यात रुतली आणि मागची बाजू गर्रकन बाजूला आली. सुकाणूची पकड गेली, पंखा फेसात नुसता किंचाळत राहिला. पुढच्या लाटेने होडी अर्धी भरली. भरलेलं पाणी ज्या बाजूला होडी कलते त्याच बाजूला धावतं, हे मला त्या दिवशी गुडघ्यांनी कळलं. प्रवाहाने आम्हाला ढकलत खोल पट्ट्यात नेलं म्हणून वाचले. त्यात माझं कौशल्य काहीच नव्हतं.

त्या दुपारी आणखी एक होडी बाहेर होती. ती थांबली. अंधार पडायच्या सुमारास, भरतीवर, कोरडीठाक आत आली. मी तोवर घाटावर बसून इंजिनातलं खारं पाणी काढत होते.

कोलंबिया नदीच्या मुखाजवळ अमेरिकेच्या तटरक्षक दलाची शाळा आहे, फुटत्या लाटांतून बोटी चालवायला शिकवणारी. त्यांच्या चौदा मीटरच्या बोटी उलटल्या तरी काही सेकंदांत आपोआप सरळ होतात. तुझी होणार नाही.

बारीकसारीक सामानाचं तुला माहीत आहेच, तरी होडीच्या तळाचं बूच हाताने चाचपून बघ. टाकीत इंधन भरपूर ठेव. इंधन कमी असलं की हेलकाव्यात इंजिन हवा ओढतं आणि तळाचा गाळ गाळणीत जातो. एकही दोरी पाण्यात लोंबायला नको. लाइफ जॅकेट घाटावरच घाल. नांगर नाळेत मोकळा ठेव. इंजिन बंद पडलं तर आधी नांगर टाक, मग इंजिन बघ, आणि तो नाळेकडूनच टाक, मागून कधीच नको. उलटलीच होडी, तर तिच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये राहू नकोस. पुढची लाट ती तुझ्यावर आणून आदळेल.

किल कॉर्डचा, म्हणजे तू पडलीस तर इंजिन बंद करणारा, एक जादा दोर टपालाने पाठवलाय. एकटी असशील तेव्हा तो मनगटाला नाही, मांडीला अडकव, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील.

निघताना मला परतायची वेळ सांग. ती टळून तासभर झाला तर मी तटरक्षक दलाला कळवणार, रागावलीस तरी चालेल. भरतीसाठी बाहेर थांबायचं ठरलं, तर घाटावर रेडिओने निरोप दे, ते मला फोन करतील. नाहीतर तू तिकडे आरामात नांगर टाकून बसलेली असशील आणि तुला शोधायला बोट निघालेली असेल.

तुझी,
आई